शहरगाडीचे खड्डे

४ मार्च १९५९. तूर भरडायची होती. आदल्या आठवड्यात तुरीला तेल-पाणी लावून पोत्याखाली दडपली होती, नंतर चांगली उन्हं दिली होती. आणखी थांबले असते तर उंदरांनी आमच्या आधी भरडली असती. म्हणून सकाळचा स्वयंपाक आटोपला, जातं अंगणात काढलं, खाली जुनं लुगडं पसरलं आणि धाकट्या जावेला समोर बसवलं.

एरवी ती त्या वेळी घरी नसायची. आमच्या अमरावतीत तेव्हा शहरगाडीचं काम चाललं होतं. नाल्याकाठी त्या गाडीसाठी मातीचा भराव घालत होते आणि जाऊ तिथे टोपल्या वाहायला जायची. पण नाल्यात बांधलेला पुलाचा खांब दुसऱ्यांदा खचला आणि काम थांबलं. मला बरंच झालं. जात्याला दुसरा हात मिळाला.

तिचं लक्ष मात्र जात्यावर नव्हतं. खुंटा फिरता फिरता थांबायचा आणि ती नाल्याच्या दिशेला बघत राहायची.

"काय पाहून राहिली?"

"काई नाई, बाई."

"मंग फिरव. तूर आपल्या मनानं फुटत नसते."

दुपारी हे शाळेतून आले. आमचे हे म्हणजे प्राथमिक शाळेतले मास्तर. वस्तीतले अर्ज, भांडणं आणि बारशाची नावं हेच बघायचे, त्यामुळे गावातली बातमी आमच्या घरी दोन तास आधी पोचायची. पाणी पिऊन म्हणाले, "नाल्यावरचं काम संपलं. कंपनीनं हात टेकले. आता गाडी पुन्हा बरडावरून नेनार हायेत. परवा सकाळी बरडावरचे जुने खड्डे उघडून पाहनार."

जावेनं खुंटा सोडला. "अन भराव?"

"पडून राहील. कोन उचलते?"

"मंग त्याच्यातली माती कोन पाहीन?"

"मातीत काय पाहाचं हाय?" असं म्हणून हे जेवायला बसले. जाऊ उठली आणि आत गेली. यांना वाढून मी तिच्या मागे गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडत नव्हती. मला रडणारी बाई समजते. तिला पाणी द्यायचं आणि जरा थांबायचं. ही तशी नव्हती.

"बोल," मी म्हटलं.

"मी त्या मातीत पोरगी शोधून राहिली होती, बाई," ती म्हणाली. "इतके दिवस."

शहरगाडी म्हणजे काय हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं, कारण ती कधी आलीच नाही. बडनेऱ्याला जायची गाडी स्टेशनातून सुटायची, ती वेगळी. ही गावातल्या गावात फिरणार होती. अरुंद रूळ, त्यावर तेलाच्या इंजिनाचा एकच डबा. स्टेशनापासून कापसाच्या बाजाराजवळून नव्या वसाहतीपर्यंत. लांबी एवढी थोडी, की सायकलवाला तिच्या आधी पोचला असता. पण बाहेरून एक कंपनी आली, नकाशा झाला, आणि डब्याचं रंगीत चित्र वाचनालयात टांगलं गेलं. चित्रातल्या खिडकीत पांढऱ्या साडीची एक बाई बसलेली होती. आमच्यापैकी ती कोणीच नव्हती.

पहिली रेघ मोठ्या रस्त्यावरून काढली होती. दुकानदार नाही म्हणाले. मग ती सरकी काढायच्या जिनांच्या बाजूनं वळवली. ठिणगी उडून कापूस पेटेल म्हणून जिनवाले नाही म्हणाले. मग ती एका देवळाच्या मागून नेली. देवळाचे लोक नाही म्हणाले. नकाशावरची रेघ सरकत सरकत आमच्या वस्तीमागच्या मुरमाड माळावर, बरडावर आली. पुढे तिला सरकवू शकेल असं कोणी उरलं नव्हतं. आम्ही दोन वर्षांपूर्वी नागपूरला दीक्षा घेऊन आलेले लोक. आमच्यात शिकलेले होते, आमचे हे होते, पण नाही म्हणायची आम्हाला सवय नव्हती आणि ऐकून घ्यायची कोणाला सवय नव्हती. उलट यांनी अर्ज केला, की आमच्या मुलांना डब्यावर नोकऱ्या द्या.

१९५८ च्या उन्हाळ्यात कंपनीचा ओव्हरसीअर आला. पुण्याकडचा, उन्हानं लाल झालेला माणूस. जमिनीत खाली काय आहे ते पाहायला त्यानं बरडावर एका ओळीत खड्डे खणले. चांगले कमरेइतके खोल. निघालेला मुरूम प्रत्येक खड्ड्याच्या काठावर ढीग करून ठेवला. आमच्या शेजारची एक म्हातारी रोज तिथे शेण गोळा करायला जायची. तिनं त्याला विचारलं, "साहेब, गाडी कवा येते?"

"दोन वर्षं लागतील आजी."

"मंग मी उभी नाई राहत बाप्पा. बसूनच वाट पाहतो." आणि ती खरोखरच खड्ड्याच्या काठावर बसली. ओव्हरसीअरला आमची बोली भांडल्यासारखी वाटायची. त्याला वाटलं ही अडवायला बसली. तो तिथून निघून गेला. वस्ती हसली.

मग पावसाळा आला आणि हसणं बंद झालं. त्या पावसाळ्यात लहान मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळी खेळणारं लेकरू संध्याकाळी हाताला गार लागायचं. पेजेचं पाणी, दवाखाना, झाडपाला, सगळं केलं. जावेची मुलगी सात-आठ महिन्यांची होती, दात यायचे होते. तिनं दोन दिवस काढले.

एवढ्या लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. लेकरांना पुरायची जागा नाल्यापलीकडे होती. तिथे फक्त पुरुष जायचे. बायांनी दारापर्यंत यायचं, लेकरू हातातून द्यायचं आणि आत जायचं. दीक्षेनंतर आम्ही पुष्कळ सोडलं. पुरल्या जागेवर दूध ठेवणं, दिवा लावणं, खुणेच्या दगडाला काही फासणं, सगळं सोडलं. मला त्याचं काही वाटलं नाही. पण बायांना घरात बसवायची रीत तेवढी कोणी सोडली नाही.

आमचे हे तेव्हा शाळेच्या कामानं मोर्शीला होते. धाकटा दीर, म्हणजे मुलीचा बाप, तिला घेऊन पावसात एकटाच गेला. मी हिरव्या खणाचं झबलं शिवलं होतं, तेच अंगात होतं. तो उशिरा परतला, अंगावरचा चिखल धुतला आणि म्हणाला, "झालं." कुठे, कसं, हे बायकोनं विचारलं नाही. विचारायचं नसतं.

दिवाळी झाल्यावर ओव्हरसीअर परत आला, तर बरडावरचे खड्डे भरलेले. वर दगड रचलेले. तो संतापला. त्याला वाटलं, वस्तीनं गाडी अडवण्यासाठी हे केलं. सगळ्या पुरुषांना उभं करून त्यानं विचारलं. कोणी बोललं नाही. तेव्हा आमचे हे पुढे झाले आणि म्हणाले, "आमच्या माणसांनी हे केलेलं नाही. मी शब्द देतो." ओव्हरसीअरनं पोलिसात कागद देईन म्हणून धमकी दिली आणि एका मजुराला खड्डा उघडायला लावला. तो मजूर खानदेशाकडचा, मोठा अंगापिंडाचा गडी. थोडं खणून तो थांबला. वाकून बघितलं. मग हातानंच मुरूम पुन्हा आत लोटला, दगड होते तसे ठेवले आणि म्हणाला, "इथे खणू नका." त्याहून एक शब्द जास्त नाही. कुदळ तिथेच टाकून तो गेला तो पुन्हा कामावर आला नाही.

मग काय विचारता. खड्ड्यातून हात आला इथपासून आत कोणी बोललं इथपर्यंत सगळं झालं. मजूर बरडावर जाईनात. वस्तीतल्या बाया हे ऐकायच्या आणि हसायच्या, कारण आता आम्ही भूत मानत नव्हतो. पुरुष हसत नव्हते. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. कंपनीनं वैतागून रेघ नाल्याकडे नेली, आणि भरावाला लागणारी माती लेकरांना पुरायच्या जागेच्या कडेनंच उचलायला सुरुवात केली. त्याच सुमाराला दीर अकोल्याला कापसाच्या प्रेसमध्ये कामाला लागला. महिनोन् महिने घरी येत नव्हता. आणि जाऊ मातकामाला जाऊ लागली.

मला वाटलं, घरात बसवत नाही म्हणून जाते. एकदा तिची भाकर घेऊन गेले तेव्हा दिसलं, की बाकीच्या बाया टोपली भरावावर उलटी करतात आणि वळतात. ही टोपली खाली ठेवायची, मातीत हात फिरवायची, ढेकळं फोडायची आणि मग ओतायची. मुकादम ओरडला, "अवो बाई, पोहे निवडून राहिली का?" बाया हसल्या. मीही हसले असेन.

आता भिंतीकडे तोंड करून ती मला सांगत होती. "त्या दिवशी नाल्याले पूर होता, बाई. मले वाटे, पुरल्यावर पानी वर आलं असन. वाहून गेली असन. नाई त मंग या मातीत सापडन. झबल्याचा तुकडा त सापडन. आता थे काम बंद केलं. म्हनजे भरावाखाली गेली का पान्यात गेली, मले कदीच समजनार नाई."

मी ऐकून घेतलं. मला अशा वेळी समजूत घालता येत नाही. काम सांगता येतं. जागा एका माणसाला ठाऊक होती आणि तो अकोल्याला होता. मी म्हटलं, "उद्या मी अकोल्याले जातो. त्याले घेऊन येतो. तो जागा दाखवीन. जागा पाहाची, घरी याचं, अन जेवाचं." मग आम्ही दोघींनी उरलेली तूर भरडली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाले, बडनेऱ्याला बदलली, अकोल्याला उतरले. प्रेसच्या फाटकाशी उभी राहिले. दुपारच्या सुटीला माणसं बाहेर आली ती सगळी एकसारखी, केसांवर, भुवयांवर, मिशांवर कापसाची बारीक लव. त्या सगळ्या म्हाताऱ्यांतून एक म्हातारा माझ्याकडे आला आणि तो माझा तिशीतला दीर निघाला.

"वहिनी? तुमी? घरी बरं हाय ना?"

"बरं असतं त मी इथी आली असती का? चाला, च्या पाजा."

समोरच्या हॉटेलात बाकावर बसलो. त्यानं चहा बशीत ओतला. मी सरळ विचारलं, पोरगी कुठे पुरली.

"नाल्यापलीकडे. सारे पुरतात तिथी."

"त्या दिवशी नाल्याले पूर होता."

"उतरला होता."

"नव्हता उतरला. मी धुनं तसंच वापस आनलं होतं. कमरेच्या वर पानी होतं. दुसऱ्या दिवशी गाय वाहून जातानी मी सोता पाह्यली. लेकरू घेऊन तुमी पलीकडे गेलेच कसे?"

तो बशीकडे बघत राहिला. आजूबाजूला माणसं बोलत होती, कोणी तंबाखू मळत होतं, पोऱ्या टेबल पुसत होता.

"नाई गेलो," तो म्हणाला. "काठावर उभा राह्यलो. लय येळ उभा राह्यलो. मंग बरडावर गेलो. घरचं फावडं होतं, पन त्या बरडाले घरचं फावडं काय लागते? खनखन वाजे नुसतं. अन तिथी कंपनीचे खड्डे तयार होते. मुरूमही बाजूलेच होता. पानी खाली थांबत नव्हतं. मी म्हनलं, हेच बरं."

"म्हनजे ती खड्ड्यात हाय."

"हाव." त्यानं मान वर केली. "पन वहिनी, मी पैल्या खड्ड्यापाशी गेलो त थो भरेल होता. मी म्हनलं, कंपनीनं भरला असन. दुसऱ्यापाशी गेलो, थोही भरेल. वर दगडं रचेल होते. कुत्र्यानं उकरू नये म्हून रचतात ना, तसे. तवा मले समजलं. माह्या आंधी येऊन गेले होते."

"कोन?"

"आपलेच. दुसरं कोन?"

"तुमी इचारलं नाई कोनाले?"

"कोनी कोनालेच नाई इचारलं. रोज नळावर भेटत होतो. एका बिडीवर दोघं बसत होतो. मी भरला तवा पुढचे दोन-तीन उघडे होते. महिन्याभरानं गेलो, त सारी ओळ भरेल." त्यानं बशी गोल फिरवली. "मंग साहेबानं इचारलं, कोनी बुजवले, अन दादानं साऱ्यायच्या वतीनं शब्द देला. मी दादाच्या बाजूलेच उभा होतो, वहिनी. मंग तिथी राहाले मन नाई झालं."

"घरात काहून नाई सांगितलं? बायकोले?"

"काय सांगू?" तो पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. दोघातिघांनी वळून पाहिलं. मग हळू म्हणाला, "बापानं लेकराचा खड्डा आपल्या हातानं खनाचा असते. मी दुसऱ्यानं खनलेल्यात ठेवली. कोन्या कामाचा खड्डा, कोन्या गाडीचा. हे तिले सांगू?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी खड्डे उघडनार हायेत."

त्यानं बशी खाली ठेवली. चहा तसाच होता.

"तुमाले याव लागन."

"मले सुटी नाई."

"अशी सुटी मागाची नसते."

प्रेसचा भोंगा वाजला. तो उठला आणि हो-नाही न सांगता फाटकातून आत गेला. पाठीमागून पुन्हा सगळे एकसारखे दिसायला लागले, त्यामुळे तो आत जाताना मागे वळला की नाही ते मला सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. बाहेर कापूस वेचून झालेली शेतं, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. मी भूत मानत नाही. आधीही फारसं मानत नव्हते, दीक्षेनंतर मुळीच नाही. भुताचं एक बरं असतं, ते नाही म्हटलं की संपतं. हे तसं संपेना. मी बरडाचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि सबंध हिवाळा आम्ही तिथे काय काय केलं हेच आठवत राहिले. आम्ही तिथे गोवऱ्या थापल्या होत्या. मी स्वतः एका ढिगावर बसून पायातला काटा काढला होता. पोरं तिथले दगड आणून लगोर खेळत होती. आम्ही कोणी त्यांना रागावलो नव्हतो. आता आठवलं, की रागावायचे ते बाप. "तिथी नोका जाऊ बे," एवढंच. मुलं का म्हणून विचारत, तर उत्तर मिळत नसे.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. न्हाणीत पाय धुवायला गेले आणि थबकले. न्हाणीतला सपाट दगड नवा होता. थंडीत जावेनंच आणला होता. "बाई, बरडावर लय चांगला दगड सापडला, कपडे धुवाले," असं म्हणत डोक्यावरून आणला होता. रोज त्यावर आम्ही दोघी धुणं आपटत होतो. तो कोणत्या खड्ड्यावरचा, कोणाच्या घरचा, मला ठाऊक नव्हतं. मी पाय न धुताच आत गेले.

जाऊ चुलीपुढे होती. तिनं माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं. नव्हतं.

घोळवून सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "पोरगी नाल्याकडे नाई. बरडावर हाय. कंपनीच्या खड्ड्यात. पुरामुळं पलीकडे जाता नाई आलं त्याले."

मी तयारीत होते. ती किंचाळेल, नवऱ्याला शिव्या देईल, धावत सुटेल, या सगळ्याची.

"म्हनजे पान्यात नाई?" तिनं विचारलं.

"नाई."

"भरावाखाली नाई?"

"नाई."

"तिथी कोरडं हाय?"

"मुरूम हाय. पानी थांबत नाई."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. जाळ कमी झाला. "एकटीच हाय?"

"नाई. साऱ्या खड्ड्यायत हायेत."

कोणाकोणाची, हे तिनं विचारलं नाही. त्या पावसाळ्यात कुठल्या घरांतून लेकरं गेली हे वस्तीत सगळ्यांना पाठ होतं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि शेजारी गेली. मुलगी गेल्यापासून ती कोणाच्या घरात गेली नव्हती. मी दारातून बघत होते. शेजारची ऐकून खाली बसली. मग दोघी उठून पुढच्या घरी गेल्या. मग तिघी. दिवेलागणीपर्यंत आमच्या अंगणात बाया येऊन बसल्या. कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. त्यांचे पुरुष आपापल्या दारात उभे होते, आणि त्या एकमेकांच्या नवऱ्यांकडे नव्यानं बघत होत्या. शेण गोळा करणारी म्हातारी तेवढी बोलली. "माह्या नातवाले मीच नेऊन देलं दारात. पोराले म्हनलं, लवकर ये बापा, पाऊस हाय. थो लवकरच आला. मले तवाच समजाव लागत होतं. नाल्यापलीकडून इतक्या लवकर कोनी येते का?"

हे शिकवणीहून आले आणि अंगण बघून बाहेरच थांबले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांना आधी आठवलं ते दुसरंच.

"मी साऱ्यायसमोर शब्द देला होता."

"तुमाले ठाऊक नव्हतं."

"लोक मानतील का?"

"लोकायनंच त केलं. थे काहून नाई माननार?"

"साहेब पोलिसात जाईन. सारे मानसं खोटे पडतील. माही शाळा जाईन." ते अंगणाकडे बघत होते. "एक दिवस थांबवू. मी अर्ज लिहितो."

"खड्डे सकाळी उघडतात. अर्ज कवा पोचन?"

"मंग काय कराचं म्हनतं?"

"मी जातो अन सांगतो."

"तू? बाईमानसानं?"

"मानसायनं सांगितलं असतं त मले जाव लागलं नसतं."

रात्री त्यांनी भाकर अर्धी ठेवली. मी पूर्ण खाल्ली. दुसऱ्या दिवशी उभं राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी चूल पेटवली, दोन घरच्या भाकरी थापून फडक्यात बांधल्या आणि जावेला घेऊन बरडावर गेले. बाकीच्या बाया आधीच आल्या होत्या. कोणता खड्डा कोणाचा हे एकीलाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्या ओळीपासून थोड्या दूर, घोळक्यानं बसल्या होत्या. ऊन चढायच्या आत कंपनीची बैलबंडी आली. त्यात पहारी, घमेली, दोऱ्या. मागून ओव्हरसीअर छत्री घेऊन आला.

"बाई, यांना बाजूला घ्या," तो मला म्हणाला. "पुन्हा अडवायला आलात का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊ उभी राहिली. ती स्टेशनाच्या वाटेकडे बघत होती. दीर येत होता. भुवयांवर अजून कापूस होता, म्हणजे प्रेसमधून तसाच निघाला असावा. तो आमच्याकडे आला नाही. ओव्हरसीअरकडे त्यानं बघितलंही नाही. ओळीच्या कडेनं चालत गेला आणि एका ढिगापाशी जाऊन उभा राहिला.

वस्तीच्या कडेला पुरुष जमले होते. त्यांतला एक हलला. खाली मान घालून चालत आला आणि दुसऱ्या ढिगापाशी उभा राहिला. मग आणखी एक. मग म्हातारीचा मुलगा. कोणी कोणाला विचारलं नाही, कोणी जागा चुकला नाही. ओळ भरली. सगळ्यात शेवटी आमचे हे आले, शाळेचे कपडे घालून. त्यांचा खड्डा नव्हता. ते भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

जाऊ उठून नवऱ्यापाशी गेली. ती ढिगाच्या एका बाजूला खाली बसली, तो दुसऱ्या बाजूला उभा होता. मग एकेक बाई उठली आणि आपला माणूस जिथे उभा होता तिथे गेली.

ओव्हरसीअर छत्री मिटून ओळीकडे बघत होता. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. मी त्याला सांगितलं. पुण्याच्या माणसाला नीट समजेल अशा भाषेत, सावकाश. गेल्या पावसाळ्यात आमची लेकरं गेली, नाल्याला पूर होता, ती यात आहेत. तो पहिल्या ढिगापासून शेवटच्या ढिगापर्यंत बघत गेला. मग म्हणाला, "मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

बंडीजवळ दोन मजूर पहारी घेऊन उभे होते, काय करावं ते न कळून. मी त्यांच्यापाशी गेले, एकाच्या हातातली पहार घेतली आणि बंडीत ठेवली. जड होती. मग दुसऱ्याची घेतली.